एका केबलवर तीन जुनी नेटवर्कं: डेकनेट, आयपीएक्स आणि ॲपलटॉक जोडतानाच्या नोंदी

शनिवार, ४ जानेवारी २०२५

टीसीपी/आयपी (आजच्या इंटरनेटची भाषा) सगळीकडे पसरण्याआधी प्रत्येक कंपनीचं नेटवर्क वेगळं होतं. त्यातली तीन मला एकाच इथरनेटवर, एकाच वेळी चालताना पाहायची आहेत: डिजिटल या कंपनीचं डेकनेट फेज ४ (चौथी आवृत्ती), नॉव्हेलचं नेटवेअर (ते आयपीएक्सवर बोलतं) आणि ॲपलचं ॲपलटॉक. निवड मुद्दाम केली. यंत्राला पत्ता कोण देणार, या एकाच प्रश्नाची या तिघांनी तीन वेगळी उत्तरं दिली. डेकनेटमध्ये माणूस पत्ता ठरवतो आणि तो नेटवर्क कार्डावरच चढवला जातो. आयपीएक्स कार्डाचाच पत्ता उचलतं. ॲपलटॉकमध्ये यंत्र स्वतः एक आकडा निवडतं आणि 'हा कुणाचा आहे का?' असं विचारतं. प्रत्येक उत्तर कुठे कामी येतं आणि कुठे अडतं, ते हाताने करून बघायचं आहे.

सामान: लिनक्सचा एक डेस्कटॉप, एक लॅपटॉप, दोन जुने पीसी, एक ४८६ (नेटवेअर ३.१२ सर्व्हर) आणि एक ३८६ (डॉस), मॅकिंटॉश एलसी (इथरनेट कार्डासह) आणि मॅकिंटॉश प्लस. डेकनेटसाठी लागणारा डिजिटलचा संगणक, व्हॅक्स, माझ्याकडे नाही, तो सिमएच या सिम्युलेटरवर चालवणार.

पहिली अडचण आजच कळली. लिनक्सलाच डेकनेट आणि आयपीएक्स बोलायला लावायचं, असा माझा बेत होता. पण आयपीएक्स लिनक्सच्या कर्नल (गाभा) ४.१८ मध्ये काढून टाकलं आहे आणि डेकनेट ६.१ मध्ये. जुना कर्नल लावून बघण्यात चार तास घालवले, मग सोडून दिलं. लिनक्स फक्त पाहणाऱ्याचं काम करेल, म्हणजे टीसीपीडंप (तारेवरून जाणारं सगळं टिपणारा प्रोग्राम). बोलणारी यंत्रं त्या त्या जातीचीच असतील.

रविवार, ५ जानेवारी

२.५ गिगाबिटच्या नव्या स्विचला ४८६ जोडला, दिवाच लागला नाही. कार्ड मेलं असं समजून दुसरं लावलं, तेही तसंच. दोन तासांनी स्विचची माहितीपत्रिका उघडली: १०० मेगाबिटच्या खाली तो उतरतच नाही. माझी सगळी जुनी कार्डं १० मेगाबिटची. जुना १० मेगाबिटचा साधा हब शोधून काढला आणि सगळं लगेच जिवंत झालं. हबचा एक फायदाही आहे: प्रत्येक फ्रेम (तारेवरून जाणारा माहितीचा तुकडा) प्रत्येक पोर्टवर जाते, त्यामुळे डेस्कटॉपवर बसून सगळ्यांचं बोलणं ऐकता येतं. ज्यांना हे करून बघायचं आहे त्यांनी हबच घ्यावा.

शनिवार, ११ जानेवारी

व्हीएमएस (व्हॅक्सची ऑपरेटिंग सिस्टिम) बसलं. आज डेकनेट.

फेज ४ चा पत्ता १६ बिटांचा: ६ बिट क्षेत्राचे, १० बिट नोडचे. म्हणजे ६३ क्षेत्रं आणि प्रत्येकात १०२३ नोड, एकूण ६४,४४९. आधीच्या फेज ३ मध्ये मर्यादा २५५ ची होती. मी पहिल्या व्हॅक्सला १.१ दिला आणि दुसऱ्याला १.२. आता मजेचा भाग: १.१ म्हणजे १ गुणिले १०२४ अधिक १, बरोबर १०२५. हा आकडा सोळाच्या पायात मांडून, बाइट उलटे करून एए-००-०४-०० च्या मागे लावायचा. झाला इथरनेटचा पत्ता: एए-००-०४-००-०१-०४. कार्डावर कारखान्यात कोरलेला पत्ता बाजूला पडतो आणि कार्ड या नव्या पत्त्याने बोलू लागतं.

म्हणजे १.२ शी बोलायचं तर त्याचा इथरनेट पत्ता कुणाला विचारावा लागत नाही, तो हिशेबानेच निघतो. आयपीला त्यासाठी एआरपी (हा पत्ता कुणाचा, असं सगळ्यांना विचारणारा प्रोटोकॉल) लागतं, आणि एआरपीचा आरएफसी ८२६ (त्याचा दस्तऐवज) नोव्हेंबर १९८२ चा आहे, फेज ४ ची आखणी चालू होती त्याच काळातला. शोधाशोध मुळातच टाळणारी ही युक्ती मला फार आवडते.

आणि आज त्याच युक्तीने दिवस खाल्ला. नेटकॉन्फिगची (डेकनेटची मांडणी विचारणाऱ्या प्रोग्रामची) सगळी उत्तरं बरोबर दिली होती, तरी सर्किट (डेकनेटची कार्डावरची जोडणी) 'स्टार्टिंग'वर अडकून राहायचं. केबल बदलली, सिम्युलेटरची सेटिंग्ज बदलली, व्हीएमएस एकदा पुन्हा बसवलंही. साडेपाच तास. कारण सिस्टार्टअप फाइलमध्ये निघालं: मी लॅट (टर्मिनल सर्व्हरचा प्रोटोकॉल) डेकनेटच्या आधी सुरू करत होतो. लॅटने कार्ड मूळ पत्त्यावर उघडलं. नंतर डेकनेट आलं आणि पत्ता बदलायला गेलं, पण कार्ड आधीच कुणाच्या तरी वापरात. दोन ओळींची अदलाबदल केली: आधी स्टार्टनेट (म्हणजे डेकनेट), मग लॅट. लगेच चाललं.

रविवार, १२ जानेवारी

दुसरा व्हॅक्स, १.२, लॅपटॉपवर. लॅपटॉप वाय-फायवर होता. काहीच पोहोचेना. हे मला आधीच सुचायला हवं होतं: वाय-फायचा ॲक्सेस पॉइंट ज्या पत्त्याने लॅपटॉपला ओळखतो, त्याच पत्त्याच्या फ्रेम पुढे सोडतो. एए-००-०४ ने सुरू होणारा पत्ता त्याच्या लेखी अनोळखी. पत्ते बदलायला मनाई असलेल्या व्हर्च्युअल स्विचवरही हेच होईल. लॅपटॉपला केबल लावली.

तरी एनसीपीमध्ये (डेकनेटला हुकूम द्यायचा प्रोग्राम) 'शेजारचे नोड' मागितले की यादी रिकामी. पुन्हा शोधाशोध, तीन तास. शेवटी, काही चालत नाहीच तर निदान चूक काय येते ते बघू म्हणून १.२ वर 'सेट होस्ट' (दूरच्या यंत्रावर लॉगिन करायचा हुकूम) दिलं, आणि समोर लॉगिनचा प्रश्न आला! सगळं आधीपासूनच चालू होतं. माझी दोन्ही यंत्रं एंडनोड (टोकाची साधी यंत्रं) आहेत, राउटर (इतरांची पॅकेटं पुढे पाठवणारी) नाहीत. एंडनोड आपला 'हॅलो' राउटरांच्या समूह-पत्त्यावर (एबी-००-००-०३-००-००) पाठवतो आणि फक्त राउटरांचा हॅलो ऐकतो. दोन एंडनोड एकमेकांचे हॅलो ऐकतच नाहीत, म्हणून यादी रिकामी. बोलायची वेळ आली की पत्ता हिशेबाने काढून थेट बोलतात. फेज ४ च्या राउटिंगमध्ये डिजिटलच्या अभियंत्या रेडिया पर्लमन यांचं काम आहे. साध्या यंत्रावर कमीत कमी ओझं आणि हुशारी राउटरकडे, ही मांडणी इथे डोळ्यांनी दिसते.

एक बारीक चूक टिपून ठेवतो. नोडांची नावं (सहा अक्षरांपर्यंत) मी एनसीपीच्या 'सेट'ने दिली. रीबूट झाल्यावर सगळी गेली. 'सेट' चालू आठवणीत लिहितं, 'डिफाइन' कायमच्या नोंदीत. दोन्ही द्यावं लागतं.

शनिवार, १८ जानेवारी

नेटवेअर. ४८६ वर सर्व्हर उठला, एनई२००० या नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर चढला, आयपीएक्सशी जोडला (बाइंड) गेला. ३८६ वर जुनी बूट फ्लॉपी घातली, आणि: फाइल सर्व्हर सापडला नाही.

पहिला संशय इंटरप्टवर (कार्ड ज्या क्रमांकाने प्रोसेसरला हाक मारतं तो). कार्ड ३ वर होतं आणि ३ दुसऱ्या सिरियल पोर्टचाही असतो. जंपर हलवून ५ केला. तो दोष खरा होता, पण तेवढ्याने भागलं नाही.

मग टीसीपीडंप लावला. ३८६ 'जवळचा सर्व्हर कोण?' असं विचारताना स्पष्ट दिसत होता. सर्व्हरही दर मिनिटाला स्वतःची जाहिरात करत होता. दोघं एकाच केबलवर बोलत होते आणि एकमेकांना ऐकू जात नव्हते. फरक फ्रेमच्या पहिल्या काही बाइटांत होता.

हा नेटवेअरवाल्यांचा सगळ्यात जुना घोळ आहे, तो सविस्तर लिहितो. आयपीएक्स निघालं झेरॉक्सच्या एक्सएनएस या आधीच्या नेटवर्कमधून. मूळ हेडरमध्ये पहिले दोन बाइट चेकसमचे (मजकूर वाटेत बिघडला का, ते तपासणारा आकडा). नॉव्हेलने चेकसम वापरलाच नाही, तिथे कायम एफएफएफएफ भरलं. इथरनेटची फ्रेम तयार करताना ८०२.३ या मानकाप्रमाणे लांबी लिहिली, पण त्यापुढे ८०२.२ चं जे हेडर यायला हवं ते न घालता सरळ आयपीएक्स सुरू केलं. ही नॉव्हेलची 'कच्ची' ८०२.३. ओळखायची खूण एकच: लांबीनंतर लगेच एफएफएफएफ. ३.११ पर्यंत हीच डीफॉल्ट होती. ३.१२ पासून डीफॉल्ट ८०२.२ झाली, म्हणजे प्रमाणाप्रमाणे. शिवाय इथरनेट टू आणि स्नॅप असे आणखी दोन प्रकार. चारही एका केबलवर सुखाने नांदतात, पण एक प्रकार बोलणाऱ्याला दुसरा ऐकू येत नाही. माझा सर्व्हर ३.१२ चा आणि फ्लॉपी ३.११ च्या काळातली.

३८६ वरच्या नेट डॉट सीएफजी या सेटिंगच्या फाइलमध्ये 'फ्रेम इथरनेट_८०२.२' अशी एक ओळ लिहिली. एफ ड्राइव्ह (सर्व्हरची डिस्क) आला, लॉगिन झालं. गेलेला वेळ सहा तास. त्यातले पाच वाचले असते, जर टीसीपीडंप पहिल्या तासात लावला असता.

रविवार, १९ जानेवारी

कालचं मन भरलं नव्हतं, म्हणून सर्व्हरवर ड्रायव्हर दोनदा चढवला: एकदा ८०२.२ साठी, एकदा कच्च्या ८०२.३ साठी. दोन्हींना आळसाने एकच नेटवर्क क्रमांक द्यायला गेलो, सर्व्हरने नाकारला. बरोबरच आहे. आयपीएक्सच्या हिशेबात ही दोन वेगळी नेटवर्कं आहेत, तार एक असली तरी. १०० आणि २०० दिले. आता सर्व्हर या दोन्हींमध्ये राउटर म्हणूनही काम करतो.

आयपीएक्सचा पत्ता इथे नीट कळतो: ४ बाइट नेटवर्क, ६ बाइट नोड, २ बाइट सॉकेट. नोड म्हणजे कार्डाचा कारखान्यातला पत्ता, जसाच्या तसा. नेटवर्क क्रमांक सर्व्हर सांगतो. डॉसच्या यंत्रावर पत्ता म्हणून काहीही भरावं लागत नाही. कार्ड बसवा, ड्रायव्हर चढवा, संपलं. कार्यालयांत नेटवेअर एवढं का रुजलं, याचं अर्धं उत्तर मला यात दिसतं. बसवणाऱ्याला हिशेबाची वही ठेवावी लागत नव्हती.

शनिवार, २५ जानेवारी

नेटवेअर लांबच्या जोडणीवर मंद का पडायचं, ते पाहायचं होतं. डेस्कटॉपमध्ये दुसरं कार्ड घालून त्याचा ब्रिज केला, ३८६ त्याच्या पलीकडे ठेवला आणि नेटएमने (उशीर घालणारं लिनक्सचं साधन) दोन्ही दिशांना ५० मिलिसेकंद उशीर घातला. म्हणजे जाऊन-येऊन १००.

१ मेगाबाइटची फाइल, नेटएक्स (डॉसवरून सर्व्हरशी बोलणारा प्रोग्राम) वापरून: जवळजवळ पावणेदोन मिनिटं. उशीर काढला की काही सेकंद. कारण टीसीपीडंपमध्ये लख्ख दिसतं. नेटवेअर कोअर प्रोटोकॉल एक मागणी पाठवतो, उत्तर येईपर्यंत थांबतो, मग पुढची. (याचंही लघुरूप एनसीपी, आणि डेकनेटच्या हुकूम देणाऱ्या प्रोग्रामचंही एनसीपी. नोंदी ठेवताना मी दोनदा गोंधळलो.) एका मागणीला १ किलोबाइट, १०२४ मागण्या, प्रत्येकीला सेकंदाचा दहावा भाग. हिशेब जुळतो. एका खोलीतल्या केबलसाठी ही पद्धत उत्तम: साधी, मेमरी कमी खाणारी, ६४० किलोबाइटच्या डॉसमध्ये मावणारी. तिची आखणीच त्या खोलीसाठी होती.

नॉव्हेलचा उपाय पॅकेट बर्स्ट: एका मागणीवर अनेक पॅकेटं ओळीने. ३.१२ मध्ये तो अंगभूत आहे, पण डॉसच्या बाजूला नेटएक्सऐवजी व्हीएलएम (त्याच कामाचा नवा प्रोग्राम) लागतं.

रविवार, २६ जानेवारी

व्हीएलएम चढवलं, एफ ड्राइव्ह गायब. नेटएक्सला लास्टड्राइव्ह (डॉसचं शेवटचं ड्राइव्ह-अक्षर) ई असली की चालते, तो त्यापुढचं अक्षर घेतो. व्हीएलएमला लास्टड्राइव्ह झेड लागते. कॉन्फिग डॉट सिसमध्ये एक ओळ, गेला एक तास. बर्स्टसह तीच फाइल, त्याच उशिरात, वीसेक सेकंदांत आली.

शनिवार, १ फेब्रुवारी

ॲपलटॉक. सुरुवात इथरनेटने नाही, मूळ लोकलटॉकने (ॲपलटॉकची साध्या सिरियल पोर्टवरची जोडणी): प्लस आणि एलसी, प्रिंटर पोर्टमधून, फोननेटच्या जोडण्यांनी. लोकलटॉकचा वेग २३०.४ किलोबिट. प्रत्येक मॅकमध्ये असलेल्या सिरियल चिपवरच ते चालतं, वेगळं कार्ड लागत नाही. ॲपलच्या गुरशरण सिद्धू यांच्या नेतृत्वाखाली हे घडलं. १९८५ चा लेझररायटर (ॲपलचा लेझर प्रिंटर) एवढा महाग होता की तो अनेकांना वाटून वापरता यावा ही गरज समोरच होती.

प्लसला एलसी दिसेना. जोडण्या तपासल्या, पोर्ट साफ केले, दोन्हींची सिस्टिम फ्लॉपी बदलली. तीन तासांनी मल्टिमीटर काढला. फोननेट टेलिफोनच्या वायरीवर चालतं, पण आतल्या जोडीवर नाही. ती टेलिफोनसाठी सोडून बाहेरची जोडी, काळी-पिवळी, वापरतं. माझी वायर नवी, टेलिफोनचीच, पण आत फक्त दोनच तारा होत्या. बाहेरची जोडी मुळात नव्हतीच. चार तारांची वायर लावली आणि चूझरमध्ये (मॅकवर सर्व्हर-प्रिंटर निवडायची खिडकी) नाव उमटलं.

मग लांब वायर लावली, तर नाव यायचं आणि जायचं. साखळीच्या दोन्ही टोकांच्या रिकाम्या खाचांत १२० ओमचे रोधक हवेत, ते मी लावले नव्हते. छोट्या वायरीवर त्यावाचून निभावलं, लांब वायरीवर नाही.

रविवार, २ फेब्रुवारी

एलसी आता इथरनेटवरही आहे. लिनक्सवर नेटअटॉक ४ (मॅकसाठीचा फाइल सर्व्हर). ॲपलने मॅक ओएस एक्स १०.६ मध्ये ॲपलटॉक सोडलं, नेटअटॉकनेही ३.० मध्ये सोडलं होतं, पण ४.० मध्ये ते परत आणलं. त्या मंडळींचे मनापासून आभार. लिनक्सच्या कर्नलमध्येही ॲपलटॉक अजून शिल्लक आहे, त्यामुळे या तिघांपैकी हे एकच लिनक्स स्वतः बोलू शकतं.

एटॉकडीला (नेटअटॉकचा ॲपलटॉक सांभाळणारा प्रोग्राम) राउटर म्हणून नेटवर्क १ ते २ आणि एक झोन (यंत्रांच्या गटाचं नाव) दिला. पण मी एलसी आधी चालू केला होता आणि एटॉकडी नंतर. राउटर दिसला नाही तर मॅक ६५२८० ते ६५५३४ या सुरुवातीच्या पट्ट्यातला नेटवर्क क्रमांक घेऊन बसतो. नंतर राउटर आल्याचा निरोप पडद्यावर आला, तो मी न वाचता बंद केला. मग झोन का दिसत नाही म्हणून दीड तास शोधत होतो. नेटवर्क कंट्रोल पॅनलमधून जोडणी बंद करून पुन्हा चालू केली की पुरतं.

पासवर्डाचंही पाहावं लागलं. जुन्या ॲपलशेअरला (मॅकचा फाइल वाटणारा भाग) साधा, न झाकलेला पासवर्ड चालतो. नेटअटॉकच्या सेटिंगमध्ये तो प्रकार मुद्दाम चालू केला. म्हणूनच हे सगळं जाळं इंटरनेटपासून तोडलेलं आहे, आणि तसंच राहील.

शनिवार, ८ फेब्रुवारी

लोकलटॉकवरचा प्लस सोडून सगळे एका हबवर. कुणीही काही काम करत नसताना दहा मिनिटांचा टीसीपीडंप घेतला.

दोन व्हॅक्स दर १५ सेकंदांनी हॅलो: ८० फ्रेम. नेटवेअर सर्व्हर दर मिनिटाला आपल्या सेवांची जाहिरात आणि राउटिंगची माहिती, तीही दोन्ही फ्रेम प्रकारांत: ४०. एटॉकडी दर १० सेकंदांनी राउटिंग: ६०. शिवाय नेटवेअरचा एक वेगळाच पॅकेट मिनिटाभराच्या अंतराने यायचा, सॉकेट ०४५७ वर. तो राउटिंगचाही नाही, सेवांचाही नाही. लायसन्सची एकच प्रत दोन सर्व्हरांवर चालू नाही ना, हे तपासणारा तो निरोप. नकलेवरचा पहारा थेट नेटवर्कवर.

एका सर्व्हरला हे काहीच नाही. पण नेटवेअरच्या जाहिरातीच्या एका पॅकेटमध्ये फक्त ७ सेवा मावतात. शेकडो सर्व्हर आणि प्रिंटर असलेल्या संस्थेत, मंद भाड्याच्या तारेवर, दर मिनिटाला ही सगळी यादी जायची.

शनिवार, १५ फेब्रुवारी

ज्यासाठी हे सगळं मांडलं ती चाचणी आज: दोन यंत्रांना एकच पत्ता.

डेकनेट: दुसऱ्या व्हॅक्सलाही १.१ दिला. दोघांचा इथरनेट पत्ताही एकच झाला. आता केबलवर त्यांना वेगळं ओळखायची खूणच उरली नाही. एकमेकांशी बोलणं तर बंदच. आपला पत्ता दुसऱ्याने घेतला आहे, असं सांगणारी एक ओळही मला मिळाली नाही. त्या काळी क्रमांकांची वही सांभाळणारा माणूस का लागायचा, ते कळलं.

नेटवेअर: कारखान्यातले पत्ते एकसारखे नसतातच, म्हणून नेट डॉट सीएफजीमधल्या 'नोड ॲड्रेस'ने मुद्दाम केले. (दुसरा डॉस म्हणून लॅपटॉपवर ८६बॉक्स हा जुन्या पीसीचा एम्युलेटर.) दुसरं यंत्र लॉगिन झालं तसं पहिल्याचं सत्र तुटलं. सर्व्हर जोडणी त्या पत्त्यावरूनच ओळखतो.

ॲपलटॉक: एलसीचा पत्ता १.३७ होता. एलसी बंद केला आणि एटॉकडीलाच १.३७ दिला. एलसी पुन्हा चालू केला. आधीचा आकडा त्याच्या आठवणीत असतो, त्यामुळे पहिल्यांदा त्याने ३७ च मागितला. एएआरपीचा (ॲपलटॉकच्या एआरपीचा) प्रश्न गेला, लिनक्सचं उत्तर आलं, आणि मॅकने मुकाट्याने दुसरा आकडा निवडला. मग 'हा कुणाचा आहे का?' असं दहा वेळा, सेकंदाच्या पाचव्या भागाच्या अंतराने विचारलं. कुणी बोललं नाही. एलसी १.११२ वर उभा राहिला. पडद्यावर काहीच आलं नाही. चूझर उघडला, सर्व्हर जागेवर होता.

प्लसची बॅटरी मेलेली आहे, त्यामुळे त्याला आधीचा आकडा आठवत नाही. लोकलटॉकवर नावं शोधली की दर वेळी तो नव्या आकड्यावर सापडतो. आज चार वेळा बंद-चालू केला: २२, ९१, ६४, ११८. नाव तेच, आणि एलसीवर उघडलेली त्याची फाइल दर वेळी त्याच नावाने मिळाली.